चकाकी ही वजाबाकी : मोटारीचा रंग आणि तो घासणारे हात

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं की तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसानं जुन्या गाडीच्या पॉलिशवर काय बोलायचं? आमचं म्हणणं एवढंच, की विषय हलका दिसतो तितका हलका नाही. तासाभरात पटलं तर ठीक, नाही पटलं तर निदान घरच्या गाडीचा रंग तरी वाचेल.

आधी प्रश्न नीट मांडून घेऊ. चाळीस-पन्नास वर्षांची एक फियाट आहे असं समजा. बॉनेट आणि टप उन्हानं पांढुरके पडलेत. बोट फिरवलं तर खडूसारखी पूड लागते. रविवारी सकाळी घरातलं कुणीतरी मऊ कपडा आणि डबीतलं कंपाउंड घेऊन बसतं, तासभर घासतं आणि खालून तो जुना गडद रंग वर येतो. शेजारी म्हणतात, वा, काय पॉलिश लावलंय! आता बघा, आपली भाषा इथे कशी फसवते. भांडी आपण 'घासतो', पण गाडीला पॉलिश 'लावतो' नाहीतर 'मारतो'. म्हणजे जणू काही वरून घातलं. प्रत्यक्षात वरून काही घातलेलं नाही, काढलेलं आहे. ती चकाकी त्या रंगातच होती. वरचा मेलेला थर गेला, खालचा जिवंत थर उघडा झाला. हातातला कपडा बघा. गाडी निळी असेल तर कपडा निळा झालेला असतो. ती निळाई गाडीचीच आहे, ती आता परत जाणार नाही.

चकाकी ही वजाबाकी आहे, हे आजच्या बोलण्याचं सूत्र. आणि ही वजाबाकी घरोघरच्या माणसाच्या हातात कधी आली, कशी आली, याला इतिहास आहे. तो फार जुना नाही, शंभर वर्षांचाच.

मोटार आली तेव्हा ती रंगाच्या दृष्टीनं घोडागाडीच होती. बग्गी रंगवणारे कारागीर जे करत तेच मोटारीला. तेलातला रंग, त्यावर व्हार्निश, मग वाळण्याची वाट. प्रत्येक थर वाळला की प्युमिस दगडाच्या भुकटीनं, पाण्यानं घासून सपाट करायचा, की पुढचा थर. चांगल्या गाडीला असे कितीतरी थर, आणि काम आठवडेच्या आठवडे चाले. कारण तेलाचा रंग वाळतो तो हवेतला प्राणवायू शोषून, सावकाश. घाई केली की फसला. गाड्या थोड्या असतात तोवर हे ठीक. पण आता एक हिशोब करा. दिवसाला हजार गाड्या काढणारा कारखाना असेल आणि रंग वाळायला तीन आठवडे लागत असतील, तर कुठल्याही क्षणी एकवीस हजार गाड्या नुसत्या वाळत उभ्या. त्याही छपराखाली, धूळ न लागता. एवढं छप्पर आणायचं कुठून? हेन्री फोर्ड यांच्या मॉडेल टी गाडीचा काळा रंग सगळ्यांना ठाऊक आहे. १९१४ ते १९२५ या काळात ती गाडी फक्त काळ्या रंगात मिळे. त्यामागे फोर्डसाहेबांचा हट्ट होता असं सांगतात, पण हट्टापेक्षा हिशोब मोठा होता. डांबराच्या जातीच्या द्रव्यांपासून केलेले काळे रंग भट्टीत भाजता येत, स्वस्त पडत आणि टिकत.

कोंडी फुटली ती वेगळ्याच दिशेनं, बंदुकीच्या दारूकडून. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीकडे नायट्रोसेल्युलोज करण्याचे प्रचंड कारखाने होते. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून ते करतात, आणि युद्धात ते तोफेच्या दारूसाठी लागायचं. युद्ध थांबलं, आता या मालाचं करायचं काय? याच पदार्थाचं लॅकर होतं हे पूर्वीपासून माहीत होतं, पण ते इतकं घट्ट असायचं की भरपूर पातळ केल्याशिवाय फवारताच येत नसे, आणि पातळ केलं की अंगावर रंग उरत नसे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या सुरुवातीला ड्यू पाँटच्या रसायनतज्ज्ञांनी ते पातळही राहील आणि रंगही भरपूर धरील असं करून दाखवलं. ड्यू पाँटचा जनरल मोटर्समध्ये मोठा भागीदारीचा वाटा होता, तेव्हा गिऱ्हाईक घरातच. १९२३ मध्ये जनरल मोटर्सची ओकलंड ही गाडी निळ्या रंगात, या नव्या लॅकरमध्ये लोकांपुढे आली. लॅकरचं नाव 'ड्युको'.

होय, तोच ड्युको. आपल्याकडे आजही सुतार विचारतो, कपाटाला सनमायका लावू की ड्युको करू? हल्ली त्या नावाखाली डब्यात दुसरंच काही असतं, पण नाव तेच राहिलं. १९२८ मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. दुसऱ्याच वर्षी ड्यू पाँट आणि ब्रिटनची आयसीआय यांच्यात तंत्रज्ञानाच्या देवाणघेवाणीचा करार झाला, आणि ब्रिटिश साम्राज्याची बाजारपेठ आयसीआयच्या वाट्याला आली. पुढे आयसीआयचा ड्युको इथल्या प्रत्येक गॅरेजात पोचला. सुताराच्या तोंडचा शब्द तोफेच्या दारूपासून इथवर आलाय, बरं का.

आता लॅकरचा स्वभाव समजून घेतला पाहिजे, कारण घरच्या पॉलिशचा जन्म त्या स्वभावात आहे. लॅकर वाळतं ते फक्त थिनर उडून गेल्यानं. आत कुठलीही रासायनिक गाठ बसत नाही. म्हणून ते तासांत वाळतं, आठवडे लागत नाहीत. आणि म्हणूनच वाळलेल्या लॅकरवर पुन्हा थिनर लावलं तर ते विरघळतं. पण फवाऱ्यातून येताना त्याचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत यायचा, चमक कमी असायची. कारखान्यातच ते घासून चकचकीत करावं लागे. म्हणजे लॅकरच्या गाडीची चकाकी पहिल्या दिवसापासून घासूनच आलेली होती. मग कारखान्यात जे होतं ते घरी का होऊ नये?

व्हार्निशच्या काळात ही सोय नव्हती. व्हार्निश मेलं की मेलं. गाडी रंगाऱ्याकडे न्यायची, नवं व्हार्निश चढवायचं, आठवडाभर पायी फिरायचं. लॅकरनं सांगितलं, रंगारी नको, कपडा आणा. ड्यू पाँटनं रंगाच्या पाठोपाठ 'नंबर सात' नावाचं पॉलिशही विकायला आणलं. शिकागोकडच्या सिमोनाइझ कंपनीचं मेण इतकं खपलं की अमेरिकन इंग्रजीत ते क्रियापदच होऊन बसलं. व्यापाऱ्याच्या नजरेनं बघितलं तर डाव झकास आहे. पूर्वी रंगाऱ्याला पगार देऊन करून घेतलेली मेहनत आता मालक स्वतःच्या सुट्टीत, स्वतःच्या खर्चानं करणार, वर तिला हौस म्हणणार. पण आम्ही हे नुसतं टोमणा म्हणून सांगत नाही. त्या हौशीतून माणसाचं आणि वस्तूचं एक नातं तयार झालं हेही खरं. ज्या गाडीचा प्रत्येक पत्रा हातानं घासलाय, तिचा कुठला पोचा कुठल्या वर्षीचा, हे माणसाला पाठ असतं.

मधल्या चाळीस वर्षांतून झटकन पुढे जाऊ. अल्किड इनॅमल आले, ॲक्रिलिक आले, भट्टीत भाजून पक्के होणारे रंग आले. खरा बदल झाला १९७० आणि ८० च्या दशकांत, जेव्हा रंगाचे दोन भाग झाले. खाली रंग, वर बिनरंगी पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. आता घासताना कपड्याला रंग लागत नाही, कपडा पांढराच राहतो. वजाबाकी चालूच असते, फक्त दिसेनाशी झाली. हा क्लिअर कोट साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही बारीक. त्यातले वरचे काही मायक्रॉनच घासायला मोकळे. त्याहून खोल गेलात तर ऊन अडवणारं कवचच जातं आणि काही वर्षांत टपावर पापुद्रे सुटतात.

आता भारतात येऊ, कारण इथे हा इतिहास अडखळत, पण फार मजेशीर चालला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ निघाल्या, पुढे फियाट. सरकारनं १९५० च्या दशकात धोरण घेतलं की नुसत्या जोडणाऱ्यांनी जावं, घडवणाऱ्यांनी राहावं. शिवडीचा कारखाना त्यात बंद पडला. मागे उरल्या मोजक्या देशी कंपन्या, परवाने आणि प्रतीक्षायादी. फियाट अकराशे नोंदवली तर ती मिळायला कितीतरी वर्षं लागत, आणि सेकंडहँड गाडी नव्यापेक्षा महाग विकली जाई. १९७० च्या दशकात तिचं नाव आधी प्रेसिडेंट, मग पद्मिनी झालं, पण देह तोच राहिला आणि शतक संपेपर्यंत रस्त्यावर येत राहिला.

याचा रंगाशी काय संबंध? फार जवळचा. जिथे दर चार वर्षांनी गाडी बदलतात तिथे रंग चार वर्षं टिकला की पुरे. जिथे एक गाडी बापाकडून मुलाकडे जायची तिथे रंग तीस वर्षं टिकवावा लागे. आणि त्या काळच्या आपल्या गाड्यांचे रंग बहुतेक एकाच थराचे, साधे होते, घासून उजळणारे. त्यामुळे अमेरिकेत क्लिअर कोटनं जी विद्या मागे टाकली, ती आपल्याकडे पुढेही बराच काळ जिवंत राहिली. वॉटर पेपर, लांबी, रबिंग कंपाउंड, कट-पॉलिश, डेंटिंग-पेंटिंग हे शब्द त्याच गॅरेजातले. या 'डेंटिंग'ची गंमत बघा, इंग्रजीत त्याचा अर्थ पोचा पाडणं, आपल्याकडे पोचा काढणं!

आणि याच विद्येची उलटी बाजूही इथलीच. सोसायटीत महिन्याच्या पगारावर गाडी पुसणारा येतो. एका बादलीत वीस गाड्या. रात्रभर बसलेली धूळ, बांधकामाची वाळू, सगळं त्याच फडक्यानं पुसलं जातं. धूळ झटकायची असते, पुसायची नसते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याचा दोष काय? मग बॉनेटवर दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात. लोकांना वाटतं, गोल गोल पुसल्यामुळे. तसं नाही. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याच्या प्रकाशाला आडवे येणारे तेवढेच चमकतात, आणि त्यांचं मिळून वर्तुळ भासतं. घरी जाऊन जुन्या स्टीलच्या ताटात बल्ब बघा. तेच वर्तुळ दिसेल, आणि ताट हलवलं की दिव्याबरोबर सरकेल.

आता तुमच्यातले काही म्हणतील, सर, तत्त्वज्ञान कुठाय? येतोच.

थिसियसच्या जहाजाची गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. प्लुटार्कनं सांगितलेली. जहाजाची एकेक फळी कुजत गेली, बदलत गेली. सगळ्या बदलल्यावर ते तेच जहाज का? सतराव्या शतकात हॉब्जनं त्यात खोच घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचंच दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं? आपल्याकडे नागसेन भिक्षूनं राजा मिलिंदाला रथाचाच दाखला दिला होता. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कुठे आहे? जुन्या गाड्यांचे शौकीन नेहमी याच दाखल्यांवर येऊन थांबतात. पण आमच्या मते पॉलिश हा त्याहून निराळा प्रश्न आहे. जहाजात बदली आहे. पॉलिशमध्ये बदली नाही, फक्त घट आहे. तोच रंग, तीच गाडी, फक्त दर वेळी थोडी कमी. ओळख शाबूत आणि आयुष्य झिजतंय. हा प्रश्न जहाजापेक्षा आपल्या सगळ्यांना, निदान आमच्या वयाच्यांना, जास्त ओळखीचा आहे.

संपूर्ण नवा रंग हा मात्र थिसियसचा मामला. गॅरेजवाला म्हणतो, साहेब, कशाला घासत बसता, पूर्ण उतरवून नवा मारू, आरशासारखी होईल. होईलही. पण त्या पत्र्यावर १९७० च्या दशकात कुर्ल्याला बसलेला रंग एकदा उतरवला की जगातल्या कुठल्याही पैशानं तो परत येत नाही. त्याची छटा, त्याची जाडी, दारांच्या आतल्या बाजूला राहिलेले फवाऱ्याचे शिंतोडे, हे सगळे त्या कारखान्याचे, त्या कामगारांच्या हातांचे पुरावे आहेत. इटालियन विचारवंत चेझारे ब्रांदी यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात चित्रांच्या जीर्णोद्धाराबद्दल भूमिका घेतली, की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धारानं थांबावं. मोटारींच्या जगाला हे उशिरा उमगलं. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रसिद्ध प्रदर्शनात न रंगवलेल्या, जशा आहेत तशा गाड्यांसाठी वेगळा वर्ग सुरू झाला तो २००१ मध्ये. तोवर बक्षिसं सगळी नव्यासारख्या दिसणाऱ्या जुन्या गाड्यांना.

आपल्याकडे तर हा आता कायद्याचाही विषय आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळू लागली, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. त्या व्याख्येत रंगाचं नाव नाही. म्हणजे मूळ रंग ठेवायचा की नाही, हे कायद्यानं मालकाच्या विवेकावर सोडलं. पहिल्या पद्मिन्यांनी नुकतीच पन्नाशी ओलांडली आहे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेनं रस्त्यावरून गेल्या. म्हणून आम्ही म्हणतो, हा विवेक दाखवण्याची वेळ आत्ताची आहे. दहा वर्षांनी मूळ रंगाच्या पद्मिन्या शोधायला गेलो तर आरशासारख्या लाल आणि पिवळ्याधमक गाड्याच सापडतील. त्या सुंदर असतील, पण साक्षीदार नसतील.

अर्थात जपायचं म्हणजे आंधळेपणानं नव्हे. रंगाचं पहिलं काम पत्रा वाचवणं, शोभा नंतर. मुंबई-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत दाराच्या खालच्या कडेला, चाकावरच्या कमानीत गंज धरला असेल तर तिथे मूळ रंगाचं कौतुक करत बसणं म्हणजे गाडी घालवणं. तेवढी जागा साफ करून, प्रायमर देऊन रंगवावीच. पण तेवढीच. एका दारासाठी अख्खी गाडी सोलू नये.

वेळ थोडा आहे, चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात. दोन घेतो.

एकानं विचारलंय, रंग जिवंत आहे की मेला, ओळखायचं कसं? सोपं आहे. पांढुरक्या जागेवर पाणी शिंपडा. ओलं असताना रंग गडद, खोल दिसला आणि वाळल्यावर पुन्हा पांढुरका झाला, तर खाली रंग आहे. नुसता वरचा थर खडबडीत झाल्यामुळे प्रकाश विखुरतोय. ओलं असतानाही पांढरेपणा हटला नाही किंवा खालचा प्रायमर डोकावतोय, तर कंपाउंडला हात लावू नका, ते उरलंसुरलंही नेईल. मग डिकीच्या आत, कुणाला न दिसणाऱ्या जागी, पांढऱ्या कपड्यानं थोडं घासून बघा. कपड्यावर रंग आला तर एकाच थराचा, नाही आला तर वर क्लिअर कोट. तिथेच कापसावर थेंबभर थिनर लावलं आणि रंग लगेच सुटून आला, तर तो लॅकर आहे, बहुधा नंतर कुठल्यातरी गॅरेजात मारलेला. हे सगळं केल्यावर सर्वांत सौम्य पॉलिशपासून सुरुवात करायची. त्यानं भागलं तर पुढे जायचंच नाही. वैद्य आधी काढा देतो, शस्त्र नंतर काढतो, तसं. शेवटी मेण. कार्नोबा म्हणतात ते ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते मात्र खरोखर 'लावायचं' असतं, ते काही काढत नाही. सिलिकोनची पॉलिशं असतात त्यांच्याबाबत थोडं जपून. त्याचा अंश पत्र्यावर राहिला आणि पुढे कधी तिथे रंग मारायची वेळ आली तर नवा रंग ठिकठिकाणी फाटून खळगे पडतात.

दुसरी चिठ्ठी एका बाईंची आहे, आणि महत्त्वाची आहे. घरात नातवंडं आहेत, हे घासणं धोक्याचं नाही ना? विचारलंत हे बरं केलंत. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या-नारिंगी छटांत, शिशाची संयुगं असत. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर आपल्याकडे मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि गाड्यांचे रंग त्या नियमांत येत नाहीत. म्हणून कोरडं घासायचं नाही, कायम ओलं. पॉलिश पेपर तर पाण्याशिवाय लावायचाच नाही. मास्क हवा, काम उघड्यावर हवं, मुलं लांब. घासल्याचा चिखल पुसून पिशवीत बांधायचा, अंगणात किंवा तुळशीजवळ ओतायचा नाही. कपडे वेगळे धुवायचे. आणि एक राहिलं. दारांच्या, बॉनेटच्या कडांवर आणि पत्र्याच्या उंच रेघांवर रंग सर्वांत पातळ असतो, आणि हात नेमका तिथेच जोरात जातो. घासायला बसण्यापूर्वी त्या कडांवर कागदी चिकटपट्टी लावून घ्या, आणि शेवटी ती काढून तिथे नुसत्या बोटानं, एकदाच, हलकं फिरवा.